बोटभर जागा

तान्ह्या बाळाला करगोटा बांधताना एक बोट आत जाईल एवढी जागा ठेवायची, हे आपल्याकडे कुणी मुद्दाम शिकवत नाही. हाताला ते येतंच. मनगटावरचा काळा दोरा, पायातले वाळे, झबल्याची नाडी, टोपड्याचे बंद, सगळ्यांना तोच नियम. बाळाची कातडी नाजूक, अंग दिवसागणिक भरत असतं, काही रुतायला नको. नियम चांगलाच आहे. पण हाच सवयीचा हात गाडीतल्या बाळाच्या सीटचे पट्टे बांधायला जातो, तेव्हा तिथेही तो बोटभर जागा सोडतो, बाळ कुरकुरलं तर दोन बोटं. आणि तिथे मात्र तो चुकतो.

माझा नातू आठ महिन्यांचा असताना माझा हात असाच चुकला. मी बकल लावलं, पट्टे छातीवर नीट बसवले, आणि लेकीने वाकून पुढचा पट्टा आणखी चार बोटं ओढला. "अगं, रुतेल त्याला," मी म्हणाले. "आई, बघ, रुतत असतं तर असा खेळला असता का?" ती म्हणाली. तो खरंच स्वतःच्या पायाचा अंगठा धरून बसला होता. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं असल्यामुळे मला नुसतं पटून चालेना. घरी आल्यावर मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. तोच इथे सांगते, कारण पट्टा घट्ट का हवा हे एकदा आकड्यांत दिसलं की हात पुन्हा सैल पडत नाही.

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ती समोर कशावर तरी आदळली आणि तिचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला, असं धरू. तेवढ्याच अंतरात गाडीचा वेग १४ मीटरवरून शून्यावर येतो, आणि या सगळ्याला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. या काळात गाडीचा वेग ज्या दराने घटतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ पट भरतो. दहा किलोचं बाळ थांबवायला मग दीडशे किलोहून जास्त वजन उचलण्याइतकं बळ लागतं. मांडीवरचं बाळ आपण घट्ट धरून ठेवू हा विश्वास इथेच संपतो. कोणत्याही आईच्या, कोणत्याही पैलवानाच्या हातात ते बळ नाही.

आता पट्टा सैल असेल तर काय होतं ते पाहा. गाडी थांबायला लागते, पण बाळ अजून जुन्याच वेगाने पुढे चाललेलं असतं, कारण त्याला अडवणारा पट्टा त्याच्या अंगाला लागलेलाच नसतो. पाच सेंटिमीटर ढील असेल तर ती ढील संपेपर्यंत सेकंदाचा चाळिसावा भाग जातो. तेवढ्यात गाडीचा वेग सेकंदाला चार मीटरने कमी झालेला असतो. म्हणजे बाळ ताशी १४ किलोमीटरच्या वेगाने स्वतःच्याच पट्ट्यावर आदळतं. जेवणाच्या टेबलापेक्षा जराशा जास्त उंचीवरून खाली पडल्यावर जमिनीशी जो वेग येतो, तोच हा. हा झटका वरच्या सगळ्या बळात आणखी भर घालतो, आणि तो बाळाच्या छातीवर आणि मानेवर बसतो. ढील दोनच सेंटिमीटर असली तरी हा वेग ताशी नऊ किलोमीटर भरतो. पट्टा अंगाला चिकटून असेल, तर गाडीचा पुढचा भाग चेपत असताना पहिल्या क्षणापासून बाळही गाडीबरोबर थांबायला लागतं. गाडीचे ६० सेंटिमीटर मग त्याच्याही वाट्याला येतात. हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक गाडी सारखी चेपत नाही, पण दिशा बदलत नाही. ढील जितकी जास्त, तितका झटका मोठा. शिवाय सैल पट्टा खांद्यावरून घसरतो, आणि बाळाचं डोकं पुढच्या सीटपर्यंत पोहोचतं.

हे पट्टे पाच ठिकाणी बांधलेले असतात ते उगाच नाही. दोन खांदे, कमरेच्या दोन बाजू आणि जांघेतला एक. बळ पोटावर न येता अंगाच्या मजबूत हाडांवर वाटलं जावं, यासाठी ही रचना आहे. मोठ्या माणसाच्या कमरेचं हाड पुढच्या बाजूला टोकदार झालेलं असतं, तिथे गाडीचा साधा पट्टा अडकून राहतो. लहान मुलांत ही टोकं तयार झालेली नसतात, म्हणून मोठ्यांचा पट्टा त्यांच्या कमरेवरून वर सरकून पोटात जातो. जांघेतला पट्टा तो सरकू देत नाही.

मोठ्यांसाठीचा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वोसाठी १९५९ मध्ये बनवला. त्याआधी तो साब कंपनीत वैमानिकांच्या विमानातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम करत होता, त्यामुळे अचानक बसणाऱ्या झटक्यात माणसाच्या शरीराचं काय होतं हे त्याला ठाऊक होतं. व्होल्वोने त्या रचनेचं पेटंट इतर सगळ्या कंपन्यांसाठी खुलं ठेवलं. मुलांच्या सीटची गोष्टही स्वीडनमध्येच वळण घेते. बर्टिल आल्डमन या डॉक्टरने १९६० च्या दशकात पाठ प्रवासाच्या दिशेला करून बसवायची सीट मांडली. ही कल्पना त्याला जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली होती. पाठीवर पडून झटका घेतला तर तो अंगभर वाटला जातो, हे त्याने तिथे हेरलं. बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं आणि मान कोवळी, म्हणून बाळाला याची गरज सगळ्यांत जास्त. स्वीडनमध्ये आजही मुलं साधारण चार वर्षांपर्यंत मागे तोंड करूनच बसतात. युरोपच्या नव्या नियमांतल्या सीटमध्ये १५ महिन्यांपर्यंत मूल पुढे तोंड करून बसवता येत नाही. माझं मत विचाराल तर १५ महिने हा किमान आकडा आहे. सीटवर लिहिलेल्या वजनाच्या आणि उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर मूल मागेच तोंड करून बसू द्यावं. पाय दुमडतात म्हणून घाई करू नये. मुलांना मांडी घालून बसायला कसली अडचण?

आता हातातल्या कामाकडे येऊ.

बाळाला ठेवताना आधी त्याचं बूड सीटच्या कोपऱ्यात, पाठीला अगदी लागून बसवायचं. बूड पुढे सरकलेलं असेल तर पट्टा कितीही ओढला तरी ती ढील पाठीमागे तशीच राहते. बाळ पाठ ताणून कमान करत असेल तर ते सैलावेपर्यंत थांबायचं, जबरदस्तीने बकल लावायचं नाही. मग पट्टे खांद्यांवरून आणायचे आणि ते सपाट आहेत ना, हे बोट फिरवून बघायचं. पीळ पडलेला पट्टा दोरीसारखा होतो, सगळं बळ बारीक रेषेत येतं. बकलच्या दोन जिभा आधी एकमेकींत बसवून मग बकलमध्ये ढकलायच्या, आणि खट्‌ असा आवाज ऐकायचा. आवाज आला तरी एकदा वर ओढून बघायचं, कारण आत बिस्किटाचा चुरा गेला असेल तर बकल अर्धवट बसतं. ते लाल बटण दाबायला जड लागतं ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, मुलाला सहज उघडता येऊ नये म्हणून.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. बकल लागलं की लगेच पुढचा पट्टा ओढायचा नाही. आधी कमरेजवळ जी ढील जमा झालेली असते, ती दोन्ही बाजूंनी खांद्यांकडे वर सरकवायची. कमरेचा भाग मांड्यांच्या वरच्या कडेला, खाली, अंगाला लागून बसला पाहिजे, पोटावर नाही. तो बसला की मग सीटच्या पुढच्या कडेला, पायांच्या मधे लोंबणारा पट्टा सरळ पुढे ओढायचा. खांद्यांची ढील आत ओढली जाते. उलट, ढील सोडायची असेल तेव्हा त्या पट्ट्याजवळ गादीखाली दडलेला खटका दाबून दोन्ही खांद्यांचे पट्टे एकदम पुढे ओढायचे. कमरेची ढील वर न नेता नुसताच पट्टा ओढला, तर खांदे घट्ट आणि कंबर सैल असं होतं. दिसायला सगळं बरोबर दिसतं, आणि अपघातात बाळ खाली घसरतं.

मग परीक्षा. बाळाच्या खांद्यावर, गळ्याखालून खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या हाडापाशी, पट्टा अंगठा आणि तर्जनीत पकडायचा प्रयत्न करा. पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली, चिमटा काढायचा. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर तो सैल आहे. बोटं पट्ट्यावरून नुसती घसरली तर तो बरोबर आहे. खांद्यावर मऊ गादीचं आवरण असेल तर ते जरा सरकवून उघड्या पट्ट्याचाच चिमटा काढायचा, कारण आवरणाखाली ढील छान लपते. काही सीटच्या माहितीपुस्तिकांत एक बोट जाईल एवढी जागा ठेवा असं लिहिलेलं असतं. पुस्तिकेत जे लिहिलं आहे ते त्या सीटपुरतं मानायचं. पण माझ्या मते चिमट्याची परीक्षा जास्त खरी, कारण आजोबांचं बोट आणि मावशीचं बोट सारखं नसतं, आणि बोट घालता घालता पट्टा सैल होतो तो वेगळाच.

एवढा घट्ट पट्टा बाळाला दुखत नाही. तो अंगात रुतलेला नसतो, अंगावरून सरळ गेलेला असतो, जसा घोड्याच्या पाठीवर खोगीर धरून ठेवणारा तंग नीट आवळलेला असतो. तंग ढिला पडला तर खोगीर फिरतं आणि त्याच्या घासण्यानेच घोड्याची पाठ सोलते. बाळाच्या मानेवर लाल चट्टा दिसतो तोही बहुधा घासणाऱ्या सैल किंवा पीळ पडलेल्या पट्ट्याचा असतो. खांदे पुढे वाकत असतील, कातडीची वळी बाहेर येत असेल, तर मात्र पट्टा जास्त झाला. तेवढं ताणण्याची गरज नाही.

पट्टे सीटच्या पाठीतून कोणत्या उंचीवर बाहेर येतात, याचाही नियम आहे, आणि तो दिशेप्रमाणे उलटतो. मागे तोंड करून बसलेल्या बाळासाठी पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. समोरून धडक बसली की असं बाळ सीटच्या पाठीवर दाबलं जातं आणि डोक्याच्या दिशेने वर घसरू पाहतं. खांद्याखालून आलेले पट्टे त्याला खाली धरून ठेवतात. पुढे तोंड करून बसलेल्या मुलासाठी पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून हवेत. ते खालून आले, तर धडकेत खांदे खाली ओढले जातात आणि सगळा दाब मणक्यावर येतो. नव्या सीटमध्ये डोक्यामागचा भाग वर उचलला की पट्टे आपोआप वर येतात. जुन्या किंवा साध्या सीटमध्ये मात्र ते हाताने करावं लागतं: सीटच्या मागे धातूची छोटी पट्टी असते, तिच्यातून खांद्यांचे पट्टे सोडवायचे, पुढून ओढून काढायचे, वरच्या खाचेतून पुन्हा मागे घालायचे आणि त्या पट्टीत पूर्ण अडकवायचे. हे काम दुपारी उजेडात, बाळ झोपलेलं असताना करावं. घाईत एक पट्टा अर्धाच अडकला तर पुढून काहीच कळत नाही. मुलं वाढतात ती एका रात्रीत वाढल्यासारखी. दर महिन्याला खांदा आणि खाच यांची जागा जुळते का ते बघावं.

कपड्यांचा मुद्दा आपल्या घरांत सगळ्यांत नाजूक. बाळाला बाहेर नेताना दुपट्यात गुंडाळायचं, कुंची घालायची, हे प्रेमाचं काम असतं आणि त्याला नको म्हणणं सुनेला अवघड जातं. म्हणून हे आज्यांनीच सांगितलेलं बरं. दुपट्यात पाय गुंडाळले की जांघेतला पट्टा मधून जाऊच शकत नाही. कुंचीची घडी पाठीमागे गोळा होते. जाड स्वेटर चेपणारी हवा धरून ठेवतो. धडकेत ती हवा निघून जाते आणि तेवढी ढील उरते. घरी एकदा करून पाहा. बाळाला स्वेटर घालून सीटमध्ये बसवा, पट्टे चिमटा निघणार नाही इतके आवळा. मग पट्ट्याची लांबी न बदलता बकल उघडून बाळाला काढा, स्वेटर उतरवा, आणि त्याच लांबीत पुन्हा बांधा. जेवढी ढील समोर दिसेल, तेवढीच तुम्ही रोज सोबत नेत होतात. महाबळेश्वरच्या थंडीतही क्रम एकच: पातळ कपडे, मग पट्टे, मग वरून दुपटं किंवा पांघरूण. शिकागो किंवा टोरांटोला लेकीकडे बाळंतपणासाठी गेलेल्या आज्यांना तिथली फुगीर जॅकेटं दिसतील. ती गाडीत बसवण्याआधी उतरवायची, पट्टे आवळल्यावर पुढून उलटी पांघरायची.

तिकडच्या सीटवर आणखी एक गोष्ट असते, छातीवर दोन पट्टे जोडणारी चिमटी. तिची जागा काखेच्या उंचीवर. पोटावर घसरलेली चिमटी पट्टे खांद्यांवर धरून ठेवत नाही, आणि मऊ पोटावर दाब आणते. आपल्याकडे मिळणाऱ्या, युरोपच्या नियमांनुसार बनलेल्या सीटमध्ये ही चिमटी बहुधा नसते, कारण तिथे एका बटणाने सगळे पट्टे सुटावेत असा दंडक आहे. तेव्हा ती नाही म्हणून सीट अपुरी समजू नये, आणि बाजारातून वेगळी आणून लावू तर मुळीच नये. तीच गोष्ट वेगळ्या विकत घेतलेल्या उशांची आणि पट्ट्यांच्या आवरणांची. सीटबरोबर जे आलं, त्याच्यासह तिची चाचणी झालेली असते. बाकी काहीही पाठ आणि पट्टा यांच्यामधे येऊ देऊ नये.

सीट स्वतः गाडीला घट्ट हवी हे ओघाने आलं. गाडीचा पट्टा किंवा सीट गाडीला अडकवणारे आयसोफिक्सचे हूक जिथून जातात तिथे धरून हलवली तर ती २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही.

पट्टे धुण्याबद्दल. दूध सांडतं, उलटी होते, आणि आपण सगळं एकदम भिजत घालतो. गादीचं कापड धुवा, पण पट्टे साबणात भिजवू नका, यंत्रात टाकू नका, ब्लीच लावू नका. त्यांच्या धाग्यांची ताकद त्याने कमी होते. ओल्या फडक्याने पुसायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बकलचा धातू चांगलाच तापतो, म्हणून बसवण्याआधी तो आपल्या मनगटाला लावून बघावा. पाळणा आणि झबली आपण एका घरातून दुसऱ्या घरात आनंदाने देतो. सीटही द्यावी, पण ती अपघातात सापडलेली नाही हे माहीत असेल तरच, आणि तिच्यावर कोरलेली मुदत संपलेली नसेल तरच.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट न लावता नेलं तर १,००० रुपये दंड आहे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारे पट्टे आणि हेल्मेट घालायचं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्या पट्ट्यांनाही आवळण्याचं हेच तत्त्व. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षेच्या चाचण्यांत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे सीटमध्ये बसवून गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवतात, आणि त्यावरून मुलांच्या सुरक्षेचे तारे ठरतात. गाडी घेताना आपण ते तारे मोजतो. पण ते पुतळे तज्ज्ञांनी, पुस्तिकेप्रमाणे बांधलेले असतात. चाचणीतल्या पुतळ्याला जे मिळालं ते आपल्या बाळाला मिळायचं असेल, तर पट्टा तसाच आवळलेला हवा, आणि तो दर खेपेला. काल स्वेटर होता, आज नाही. काल बाबांनी बांधलं, आज काकांनी. काल बरोबर असलेली लांबी आज बरोबर असेलच असं नाही.

म्हणून एवढंच करा. आता पुढच्या वेळी बाळाला सीटमध्ये बसवाल तेव्हा, किल्ली फिरवण्याआधी, त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्याला एक चिमटा काढून बघा. घडी हातात आली, तर पट्टा आणखी ओढा.